होडी कशाची, पाणी किती

पाण्यावरून टीएमसीत भांडणाऱ्या जिल्ह्यांमध्ये अहिल्यानगरचा नंबर वरचा आहे. भंडारदरा ११.०३९, निळवंडे ८.३२, मुळा २६ हे आकडे इथल्या बागायतदाराला तोंडपाठ असतात, आणि पावसाळ्यात पेपर हातात आला की धरणसाठ्याचा तक्ता आधी, बाकीच्या बातम्या मागून. त्या तक्त्यातली पाणीपातळी कुणीतरी प्रत्यक्ष वाचलेली असते. तिच्यापुढचा साठा मात्र मोजलेला नसतो, तो कोष्टकातून काढलेला असतो. अमुक पातळीला अमुक क्षेत्र पाण्याखाली, म्हणून अमुक साठा. हे कोष्टक मुळात धरण बांधतानाच्या जमीनमोजणीवर उभे असते, आणि ती जमीन तेव्हापासून दर पावसाळ्यात थोडी थोडी गाळाखाली जात आली आहे. मधूनमधून फेरमोजणी होते, कोष्टक दुरुस्त होते. ती फेरमोजणी करायची तर बोट घेऊन पाण्यावर जावे लागते, आणि बोटीखाली असे काहीतरी धरावे लागते जे खाली आवाज सोडेल आणि तळावरून परत आलेला ऐकेल. ते काहीतरी म्हणजे ट्रान्सड्यूसर. हे पुस्तक त्याच्याविषयी आहे, आणि त्याहून अधिक, तो ज्या बोटीला लावायचा त्या बोटीविषयी.

असे म्हणायचे कारण आहे. खोली मोजायचे यंत्र घ्यायला गेलेला माणूस पडदा बघून यंत्र घेतो. किती इंची, रंगीत की साधा, जीपीएस आहे की नाही. विकणाराही पडदाच दाखवतो, कारण दाखवण्यासारखे तेवढेच असते. सेन्सर, म्हणजे तोच ट्रान्सड्यूसर, खोक्याच्या तळाशी, वायरीच्या भेंडोळ्यात पडलेला असतो. बोट लाकडी आहे, पत्र्याची आहे की फायबरची, हा प्रश्न त्या सगळ्या बोलण्यात एकदाही निघत नाही. मग यंत्र काठावर येते, जिथे जागा सापडेल तिथे चिकटवले जाते, आणि पडद्यावर कधी आकडा येतो, कधी नुसत्या रेघा. दोष यंत्राला दिला जातो. माझ्या पाहण्यातल्या अशा तक्रारींपैकी बहुतेकींचे मूळ बोटीच्या बुडात होते.

आपल्या जलाशयांवर बोटींची जी सरमिसळ आहे ती एखाद्या कोकणी बंदरात सहसा दिसत नाही. बंदरातल्या होड्या साधारण एका घडणीच्या असतात. इथे नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या, फुगवट्यावर, शेवगाव-नेवाशाच्या काठांना, थर्माकोलचे चप्पू चालतात. त्यांच्यावर बसून जाळी टाकली जातात, आणि फुगवट्यात बसवलेल्या पाणबुडी मोटारीपर्यंत शेतकरीही त्यांच्यावरूनच जातो. मासेमारी सोसायट्यांकडे फायबरच्या आणि लोखंडी पत्र्याच्या अशा दोन्ही बोटी. भंडारदऱ्याला शेंडीच्या काठावरून रतनवाडीच्या बाजूला पर्यटक नेणाऱ्या बोटी. शोध-बचाव पथकांकडे हवा भरायच्या रबरी बोटी, सर्वेक्षणाला येणाऱ्यांकडे अॅल्युमिनियमच्या. उसाच्या पट्ट्यात तर पुराच्या वेळी गुऱ्हाळाची काहिलही होडी झालेली जुन्या लोकांनी पाहिली आहे. एवढ्या तऱ्हेच्या बुडांना एकच सेन्सर एकाच पद्धतीने बसेल ही अपेक्षाच चूक.

खोली मोजण्याचा धंदा अर्थात यंत्राआधीचा. आपल्याकडे विहीर परसात मोजली, कोकणात पाणी वावात मोजले. दोन्ही मापे माणसाच्या अंगावरून आलेली, आणि त्या कामापुरती पुरेशी. नदीत नावाडी बांबू टोचून बघत असे. बांबू टोचला की तळ वाळूचा आहे, चिखलाचा आहे की खडकाचा, हेही हाताला कळे. समुद्रावर दोरीला शिशाचा गोळा बांधून सोडत. त्या गोळ्याच्या बुडाला खळगा असे आणि त्यात चरबी भरलेली असे, म्हणजे तळाची वाळू किंवा शंखशिंपल्यांचा चुरा तिला चिकटून वर येई. खोली आणि तळाची जात, दोन्ही एका फेकीत. आजच्या महागड्या यंत्रांना यातला दुसरा भाग अजून नीट जमत नाही, हे जाता जाता सांगून ठेवतो.

आवाजाने खोली मोजायची कल्पना पुष्कळ जुनी, पण ती हातात यायला शंभर वर्षे लागली. १८२६ मध्ये कोलादाँ आणि स्टुर्म या दोघांनी जिनिव्हा सरोवरात पाण्याखाली घंटा वाजवून आवाजाचा पाण्यातला वेग काढला. सेकंदाला १,४३५ मीटर. १८८० मध्ये क्युरी बंधूंना असे आढळले की काही स्फटिक दाबले की त्यांच्यात वीज उमटते, आणि लवकरच हेही कळले की वीज दिली की ते आकार बदलतात. १९१२ मध्ये टायटॅनिक हिमनगावर आदळून बुडाली आणि पाण्याखालचे ऐकण्याची निकड एकदम वाढली. जर्मनीत बेम, अमेरिकेत फेसेंडेन यांनी प्रतिध्वनीची यंत्रे केली. पहिल्या महायुद्धात पाणबुड्या शोधण्यासाठी फ्रान्सच्या लांजवँने क्वार्ट्झचे स्फटिक पोलादी पट्ट्यांत दाबून बसवले, आणि आजच्या ट्रान्सड्यूसरचा मूळपुरुष तयार झाला. १९२५ ते १९२७ या काळात 'मेटेओर' या जर्मन जहाजाने प्रतिध्वनीने अटलांटिकचा तळ मोजला. त्याच सुमारास आपल्याकडे प्रवरेवर दगड आणि चुन्यात विल्सन धरण, म्हणजे भंडारदऱ्याचे धरण, उभे राहत होते. १९१० ला सुरू झालेले काम १९२६ ला संपले. पुढे दुसऱ्या महायुद्धातून उरलेल्या यंत्रांवर खटपट करून जपानच्या नागासाकीकडील फुरुनो बंधूंनी १९४८ मध्ये मासे दाखवणारे यंत्र बाजारात आणले. क्वार्ट्झची जागा भाजलेल्या कृत्रिम सिरॅमिकने घेतली, ट्रान्झिस्टर आला, आणि जे यंत्र जहाजावर खोलीभर जागा अडवत असे ते मच्छीमाराच्या पिशवीत मावू लागले.

एवढ्या प्रवासात एक गोष्ट बदलली नाही. स्फटिकाने केलेली थरथर पाण्यात पोचली पाहिजे आणि पाण्यातून परत स्फटिकापर्यंत आली पाहिजे. वाटेत जे जे येईल ते आपला हिस्सा कापून घेणार. आवाज एका पदार्थातून दुसऱ्यात शिरताना त्यातला किती पुढे जातो आणि किती मागे फिरतो, हे त्या दोन पदार्थांच्या घनतेवर आणि त्यांतल्या आवाजाच्या वेगावर ठरते. या दोन्हींचा गुणाकार पाण्याच्या मानाने पोलादाचा सुमारे ३० पट आहे, अॅल्युमिनियमचा साधारण ११ पट, भरीव फायबरचा दोन-तीन पट. जितका फरक मोठा तितका आवाज मागे फिरणार. हवेचा हाच गुणाकार पाण्याच्या तुलनेत इतका नगण्य आहे की पाणी आणि हवा यांच्या सीमेवर जवळजवळ सगळाच आवाज उलटतो. कागदाइतका हवेचा थर मध्ये असला तरी काम संपले. ट्रान्सड्यूसरच्या निवडीतले सगळे नियम, सगळे अपवाद आणि सगळी भांडणे या एका गोष्टीतून निघतात.

लाकडापासून सुरुवात करू. लाकूड पाणी पिते आणि फुगते. बुडाला भोक पाडून प्लास्टिकच्या दांड्याचा सेन्सर आवळला, तर पहिल्याच पावसाळ्यात भोवतालचे लाकूड फुगून त्या दांड्याला तडा देऊ शकते. मग सेन्सर तर जातोच, शिवाय बुडात पाण्याला वाट होते. म्हणून लाकडी होडीला ब्रॉन्झचा दांडा. बाजारात गनमेटल म्हणतात तो याच कुळातला. लाकडाच्या आतून आवाज पाठवायचा विचार करू नये, कारण लाकडाच्या धाग्यांत हवा असते.

लोखंड आणि अॅल्युमिनियम यांच्या बोटीत नेमके उलटे. तिथे ब्रॉन्झ नको. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकून एकाच पाण्यात बुडाले की त्यांची बॅटरी होते आणि त्यातला एक झिजू लागतो. ब्रॉन्झ आणि अॅल्युमिनियमच्या जोडीत झिजणारा अॅल्युमिनियम, म्हणजे तुमची बोट, आणि तीही नेमकी भोकाच्या काठावर. आपल्या गोड्या पाण्यात हे समुद्रापेक्षा सावकाश होते, त्यामुळे काहीजण दुर्लक्ष करतात. पण बॅटरीच्या वायरीतून बुडाला थोडा जरी प्रवाह गळत असला तर सावकाशपणा संपतो. धातूच्या बोटीला प्लास्टिकचा सेन्सर चालतो, किंवा स्टेनलेस स्टीलचा, तोही मध्ये प्लास्टिकची बाही आणि वायसर देऊन बोटीपासून अलग ठेवलेला. फॅब्रिकेशनवाल्याकडे नवी लोखंडी बोट बनवत असाल तर आणखी एक उत्तम सोय आहे: बुडापासून वरपर्यंत उभा पाइप आधीच वेल्ड करून घ्यायचा आणि सेन्सर त्या पाइपातून वरून खाली सोडायचा. काम झाले की वर ओढून घ्यायचा. हा पाइप नंतर बसवायचा म्हटले की खर्च आणि कटकट दोन्ही वाढतात.

फायबरची गोष्ट जास्त मजेची आहे, कारण या एकाच पदार्थातून आवाज कामापुरता आरपार जातो. बुडाला भोकच पाडायचे नाही, सेन्सर आतल्या बाजूने चिकटवायचा आणि बुडातून पाण्याकडे 'बघायला' लावायचा. यात बोटमालकाचा जीव भांड्यात पडतो, कारण नव्या बोटीला भोक पाडायला कुणालाच आवडत नाही. पण फायबर भरीव हवा. अनेक बोटींत वजन वाचवण्यासाठी फायबरच्या दोन थरांमध्ये फोम किंवा हलके लाकूड भरलेले असते, आणि फोम म्हणजे कोंडलेली हवा. बाहेरून दोन्ही बोटी सारख्याच दिसतात. हाताने बांधलेल्या बोटींत तर भरीव भागातही कुठेकुठे रेझिनमध्ये बुडबुडे राहिलेले असतात.

ओळखायचे कसे, तर काही फोडावे लागत नाही. बोट शांत पाण्यात उभी करावी, इंजिन बंद. सेन्सर आधी बाहेर, काठावरून पाण्यात धरावा आणि पडद्यावरची खोली व तळाच्या रेषेचा ठळकपणा पाहून ठेवावा. मग बोटीच्या आत, कण्याजवळ पण बरगडी टाळून, जिथे बूड सपाट आहे तिथे तांब्याभर पाणी ओतावे आणि सेन्सर त्या पाण्यात टेकवावा. खोली तीच आली आणि रेषा थोडीच फिकी झाली, तर जागा चांगली. रेषा गायब झाली तर हातभर पुढे किंवा मागे सरकावे. बूड उतरते असेल आणि पाणी साठत नसेल, तर प्लास्टिकच्या पिशवीत पाणी भरून, हवा काढून, ती बुडावर ठेवावी आणि वरून सेन्सर दाबावा. चांगली जागा सापडली की पेन्सिलने खूण करून मगच इपॉक्सी कालवायची, आणि तीही सावकाश. घाईने घोटलेल्या इपॉक्सीत बुडबुडे शिरतात आणि एवढ्या शोधाशोधीवर पाणी पडते. टेकवताना सेन्सर किंचित गोल फिरवत दाबला की खाली अडकलेली हवा कडेने निघून जाते. अशा बसवणीत यंत्र पाण्याचे तापमान म्हणून जो आकडा दाखवेल तो बोटीच्या पोटातला असेल, हे लक्षात ठेवावे. तो पुढे का नडतो ते येईलच.

रबरी बोटीला भोकही नाही आणि आतून बघणेही नाही; मागच्या कडक फळीला किंवा बाजूच्या दांड्याला सेन्सर बांधायचा. थर्माकोलच्या चप्पूतून आवाज जाण्याचा प्रश्नच नाही, थर्माकोलात हवेशिवाय असते काय? तिथेही काठीला बांधून बाजूला सोडावा.

या सगळ्यातून बसवणाऱ्यांचे तीन पंथ झाले आहेत. भोकवाले, बिनभोकवाले आणि मागच्या फळीवाले. समुद्रावर जाणाऱ्या मोठ्या बोटींत भोकवाल्यांचे म्हणणे बरोबर आहे: स्फटिक थेट पाण्यात, कण्याजवळ, पंख्याच्या खळखळाटापासून दूर. पण ते तसेच्या तसे आपल्या धरणांवर आणणे मला पटत नाही. आपल्याकडे ऑक्टोबरपासून जूनपर्यंत पाणी उतरत राहते, काठ रोज लांब जातो, आणि बोट चिखलातून, मुरमावरून, कधी ट्रॅक्टरला बांधून ओढावी लागते. बुडातून खाली आलेला महागडा सेन्सर पहिल्याच उन्हाळ्यात दगडाला लागतो. मासेमारीच्या छोट्या बोटीला इंजिनाशेजारी मागच्या फळीवर लावलेला, धक्का लागला की वर उडणारा सेन्सर पुष्कळ. तो पंख्याच्या कोणत्या बाजूला हेही महत्त्वाचे. मागून पाहता पंखा घड्याळाच्या दिशेने फिरत असेल तर उजवी बाजू बरी, कारण तिकडे पाते खाली जाते आणि फेस कमी येतो. एखाद्या पट्टीच्या किंवा खिळ्याच्या ओळीत मागे लावला तर वेग घेताच बुडबुड्यांची माळ त्याच्या तोंडावरून जाते आणि पडदा पांढरा होतो.

सर्वेक्षणवाल्यांचा चौथा पंथ वेगळाच आहे. त्यांची स्वतःची बोट क्वचितच असते. ज्या धरणावर जातील तिथली मिळेल ती बोट घेतात, बाजूला उभा खांब आवळतात, खांबाच्या खालच्या टोकाला सेन्सर आणि नेमक्या त्याच्यावर, वरच्या टोकाला जीपीएसचा अँटेना. बोट कशाची याला अर्थ उरत नाही. बोट आणि सेन्सर यांच्या सगळ्या वादाला दिलेली ही सरळ बगल आहे, आणि आपल्या जिल्ह्यापुरते बोलायचे तर माझे मत तिलाच आहे. खांब मात्र थरथरता कामा नये.

आता पाण्याकडे वळू. एकाच जिल्ह्यात दोन टोकांचे जलाशय आहेत. भंडारदरा सह्याद्रीच्या कुशीतली अरुंद, खडी दरी. धरणाची उंचीच सुमारे ८२ मीटर. नाथसागर पठारावर पसरलेला; साधारण ३५० चौरस किलोमीटर क्षेत्रात सुमारे १०२ टीएमसी, म्हणजे सरासरी खोली जेमतेम आठ-साडेआठ मीटर. ट्रान्सड्यूसरचा आवाज शंकूसारखा पसरत जातो. २० अंशांचा शंकू ५ मीटर पाण्यात तळावर पावणेदोन मीटरचे वर्तुळ पाहतो, ६० मीटर पाण्यात २१ मीटरचे. सपाट तळावर यात बिघडत नाही. दरीच्या उतारावर मात्र त्या २१ मीटरमधला सगळ्यात जवळचा कडा आधी उत्तर देतो, आणि यंत्र तीच खोली समजते. दरी उथळ आणि बोथट दिसते. म्हणून भंडारदऱ्याला अरुंद शंकू हवा. नाथसागराच्या काठाकडे उलटा प्रश्न, पाणी तिथे इतके उथळ की आवाज सोडल्यानंतर स्फटिक अजून थरथरत असतानाच प्रतिध्वनी परत येतो आणि त्यात मिसळून जातो. एका वेळी रुंद पट्टा मोजणाऱ्या मल्टिबीम यंत्रांचेही असेच. १२० अंशांत पाहणारे यंत्र ५० मीटर पाण्यात १७० मीटरचा पट्टा मोजते, ५ मीटर पाण्यात १७ मीटरचा. नाथसागरासाठी ते भाड्याने आणण्याआधी हा हिशेब मांडून बघावा.

विकणारे शक्तीचीही भुरळ घालतात. ५० किलोहर्ट्झचा, जास्त वॅटचा सेन्सर शेकडो मीटर खोल समुद्रासाठी असतो. आपल्या सगळ्यात खोल धरणालाही २०० किलोहर्ट्झ पुरते. उथळ पाण्यात जास्त जोर लावला तर तळ आणि पृष्ठभाग यांच्यात आवाज दोनदा फिरतो आणि खाली दुसरा, खोटा तळ उमटतो. कमी कंपनसंख्येचा एक उपयोग मात्र आहे. धरणात ताजा गाळ पातळ असतो. २०० किलोहर्ट्झचा आवाज त्याच्या वरच्या थरावरूनच परततो, २४ ते ३३ किलोहर्ट्झचा आवाज त्यात शिरून खालच्या कठीण थरापर्यंत जातो. दोन्ही एकदम सोडले की गाळाच्या जाडीचा अंदाज बांधता येतो. त्यातही कुजणाऱ्या झाडझाडोऱ्याचे वायू गाळात कोंडलेले असले तर आवाज तिथेच विखुरतो, आणि बाभळीचे रान बुडालेल्या भागात हे होणारच.

आकडा पडद्यावर आला म्हणजे तो खरा असे नाही. यंत्र वेळ मोजते, खोली ते गुणाकाराने काढते, आणि गुणायला वेग लागतो. बहुतेक यंत्रे समुद्रासाठी सेकंदाला १,५०० मीटर धरून चालतात. २० अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात खरा वेग १,४८२ मीटर, ३० अंशांना १,५०९. हिवाळ्यातल्या सकाळी समुद्राचा वेग धरून मोजले तर खोली सव्वा टक्का जास्त दिसते. आठ मीटरला दहा सेंटिमीटर. ऐकायला काहीच नाही. पण नाथसागराच्या क्षेत्राला गुणले की तेच सव्वा टीएमसी होते. सेन्सर पाण्याच्या पृष्ठभागापासून किती खाली आहे ते मिळवायला विसरला आणि ती चूक एक फुटाची असेल, तर पावणेचार टीएमसी, म्हणजे जवळजवळ अर्धे निळवंडे, कागदावर नाहीसे.

यावरचा उपाय जुना आणि स्वस्त आहे. एक धातूची पाटी, खुणा केलेल्या न ताणणाऱ्या तारेने सेन्सरच्या बरोबर खाली दोन मीटरवर धरायची, मग चारवर, मग सहावर, आणि यंत्र काय म्हणते ते लिहून घ्यायचे. सर्वेक्षणवाले याला बार चेक म्हणतात. वारा पडलेला असताना, म्हणजे सकाळी लवकर, आणि काम संपल्यावर पुन्हा. हा कंटाळा ज्याने केला नाही त्याच्या आकड्यावर मी विश्वास ठेवणार नाही, मग त्याच्याकडे कितीही इंची पडदा असो.

हे सगळे आताच का, असे कुणी विचारेल. २०१४ च्या सप्टेंबरात महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने पाणीवाटपावरच्या मेंढेगिरी समितीच्या अहवालाच्या आधारे वरच्या धरणांतून पाणी सोडण्याबाबत आदेश दिला, आणि १५ ऑक्टोबरला जायकवाडीत उपयुक्त साठ्याच्या ६५ टक्के पाणी आहे की नाही, हा आपल्या राजकारणाचा वार्षिक प्रश्न होऊन बसला. नसेल तर मुळा, भंडारदरा, निळवंडे यांतून किती सोडायचे याचा हिशेब. हा हिशेब टक्क्यांत होतो, टक्के कोष्टकातून येतात आणि कोष्टक तळावरून. वर आणि खाली, दोन्हीकडचे वकील ज्या आकड्यांवर बोलतात त्यांची एक बाजू पाण्याखाली आहे. विल्सन धरणाला शंभर वर्षे होत आहेत. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना २०१७ पासून छोट्या तलावांतला गाळ शेतात नेत आहे, आणि किती काढला याची नोंद ब्रासमध्ये आणि ट्रॉल्यांमध्ये होते. काढण्याआधी आणि काढल्यानंतर तळ मोजला तर तीच नोंद तपासता येईल. उपग्रहाच्या प्रतिमांवरून गाळ मोजण्याचे काम नाशिकच्या मेरी संस्थेने पुष्कळ केले आहे. पण उपग्रह पाण्याचा फक्त काठ पाहतो. वर्षात पातळी जिथपर्यंत उतरली त्याच्या वरचा तळ त्याला कळतो, त्याखालचा नाही. तिथे बोट लागतेच.

मेरीचे आणि १९१६ पासून चालत आलेल्या खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राचे काम इंजिनिअरांच्या हाती जाते, आणि ते त्यांच्यासाठीच असते. यंत्राबरोबर येणारी पुस्तिका समुद्रातल्या हौशी बोटवाल्यासाठी लिहिलेली असते. तिच्यात चप्पू नाही, ओढून आणलेली पत्र्याची बोट नाही आणि बाभळीचे बुडालेले रानही नाही. या दोहोंच्या मध्ये जी माणसे उरतात त्यांच्यासाठी हे पुस्तक आहे: सोसायटीचा सचिव, बोट बनवणारा फॅब्रिकेटर, पाटबंधारे खात्यातला नवा शाखा अभियंता, बचाव पथकातला जवान, प्रकल्प करणारा सिव्हिलचा विद्यार्थी. मासे कसे शोधावेत हे यात फारसे नाही. कटला आणि चिलापी कुठे असतात ते सोसायटीच्या माणसांना पडद्याशिवायही ठाऊक असते. यंत्रांच्या किमती आणि मॉडेलचे क्रमांकही मुद्दाम टाळले आहेत, कारण पुस्तक छापून होईपर्यंत ते जुने होतात. बोटीचे साहित्य, बसवण्याची जागा, आवाजाचा शंकू आणि आकड्याची तपासणी या चार गोष्टी मात्र इतक्या तपशिलाने दिल्या आहेत की काठावर पुस्तक उघडे ठेवून काम करता यावे. गणित आठवीच्या पलीकडे गेलेले नाही. जिथे जावे लागले तिथे ते चौकटीत आहे आणि वगळून पुढे गेले तरी चालते.

पुस्तक क्रमाने वाचायलाच हवे असे नाही. ज्याच्याकडे बोट आहे त्याने आपल्या बुडाचे प्रकरण आधी काढावे. ज्याने यंत्र आधीच घेतले आहे आणि पडदा पांढरा पडतो आहे, त्याने बुडबुड्यांच्या प्रकरणाकडे जावे. आणि ज्याने अजून दोन्ही घेतलेले नाही, त्याने फायबरची बोट बघायला जाताना विकणाऱ्याला एवढेच विचारावे की बूड भरीव आहे की मध्ये फोम आहे, आणि उत्तर पावतीवर लिहून घ्यावे.